गोड्या पाण्याची घागर

माझी मावशी गजराबाई मुरुम गावाबाहेरच्या मिशनच्या बंगल्यात बावीस वर्षं स्वयंपाक करते. देव तिचा खंडोबा, चाकरी येशूची, आणि त्या दोघांचीही तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रारी असतात त्या माणसांच्या. दर हिवाळ्यात अमेरिकेतून दहा-बारा पाहुणे तीन आठवडे सेवा करायला येतात. आल्या दिवशीच ते जाहीर करतात, की आम्ही अगदी तुमच्यासारखं राहणार. मी त्यांचा दुभाष्या. हे वाक्य मला दरसाल मराठीत करावं लागतं, आणि मावशी दरसाल एकच विचारते, "मंग त्यांच्यासाठी काय वायलं रांधू?"

तिचं विचारणं बरोबरच असतं. जमिनीवर बसून जेवायचं, पण उठताना हात द्यायला मावशी. भाकरी खायची, पण कोरड्यासाला तिखट नको, तेल नको, वास नको. बाटलीतलं पाणी नको, तुमचंच पिऊ. मात्र ते वीस मिनिटं उकळून, गाळून, गार करून, आणि तेही मावशीनंच. इतक्या साधेपणाला नोकर लागतो, हे त्यांच्यातलं कुणी आपल्या वहीत लिहीत नाही. चौथ्या दिवशी निम्म्यांची पोटं बिघडतात, सातव्या दिवशी एखादी पोरगी घरच्या आठवणीनं रडते आणि दहाव्या दिवशी सगळ्यांना आयुष्याचा अर्थ कळतो. मला या नाटकाचा मनापासून तिटकारा आहे. चार शब्द इंग्रजी येतं म्हणून त्यात मीही आहे, याचा जास्तच.

यंदा नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. बोअरचं मचूळ पाणी अंगणातल्या निळ्या पिंपात, ते धुण्याभांड्याला. नळाचं गोडं पाणी स्वयंपाकघरात पितळी घागरीत, वर ओलं फडकं टाकून, ते पिण्याला. परवाच्या बुधवारी गोड्या पाण्याची शेवटची घागर उरली होती आणि नळ येणार होता शुक्रवारी. मधेच संपलं तर बंडप्पाच्या विहिरीवरून आणायचं, म्हणजे दीड किलोमीटर जायचं आणि भरल्या घागरीनं तेवढंच यायचं. मावशीचे गुडघे कधीच गेलेत. डॉक्टरनं ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणून ती घागर ती जिवापाड जपत होती.

त्या संध्याकाळी पाहुण्यांचा म्होरक्या ब्रायन म्हणाला, "आज आम्ही गजराबाईंचे पाय धुणार. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तसे." आमचे पास्टरसाहेब "तशी काही गरज नाही" असं पुटपुटले, पण ते ऐकतंय कोण! मावशीला अंगणात खुर्चीवर बसवलं, पायांखाली परात ठेवली. ती अवघडून मला म्हणाली, "वैजा, पाय जावयाचे धुत्यात. म्या काय जावई हाय व्हय?"

तेवढ्यात एक पोरगी पाणी आणायला निघाली. पिंप चार पावलांवर होतं, पण निळं प्लॅस्टिक फोटोत बरं दिसलं नसतं. ती थेट आत गेली आणि पितळी घागर छातीशी धरून घेऊन आली. मावशी ताडकन उठायला लागली. बाई लाजतेय असं वाटून दोघांनी मोठ्या प्रेमानं तिचे खांदे दाबून तिला खाली बसवलं. बघता बघता घागर परातीत रिकामी झाली.

"आरं, ते प्यायचं पानी हाय!" मावशी ओरडली. "इच्यार त्यांला, उद्या प्यायला काय देऊ?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. ब्रायननं मला पुढच्या वर्षीचं काम आणि शिफारसपत्र कबूल केलं होतं. मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, एवढी माया मला जन्मात कुणी केली नाही."

टाळ्या झाल्या. ब्रायननं डोळे पुसले. मावशीला इंग्रजी येत नाही, पण टाळ्या कळतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला मान वर करता येईना. त्यांच्याइतकाच हलकट मी, फक्त घरचा.

नंतर स्वयंपाकघरात मी म्हणालो, "मावशी, तू बस. विहिरीवरून मी आणतो."

"कुणी जायचं न्हाय," ती म्हणाली. "कामावरनं काढलं तर काढू दे."

गुरुवारी सकाळी चहा बोअरच्या पाण्याचा झाला. दूध फाटलं होतं. ब्रायननं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, कप खाली ठेवला आणि चहाला काय झालं म्हणून मला विचारलं. मावशी पदराला हात पुसत दारातच उभी होती.

"सांग त्यांला," ती म्हणाली, "गोडं पानी माझ्या पायावर गेलं. आता शुक्रवारपातूर आमच्यावानी ऱ्हावा म्हनावं."

या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. टाळ्या झाल्या नाहीत. दुपारी उमरग्याहून बाटल्यांच्या पाण्याची चार खोकी आली. सेवेचे अजून नऊ दिवस उरले होते.