अर्ध्या दाढीचं धोरण

सावली गावात मी ज्या भाऊंकडे दाढी करायला जायचो, ते रेडिओवर बजेट लागलं की वस्तरा थांबवून ऐकायचे. त्या वर्षी ब्लेडवरचा कर वाढला. खुर्चीत एक वकील होते. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस.

"वकीलसाहेब, माह्या धंद्याचं नुकसान झालं, तं सरकारवर केस होते का नाई?"

"नाही. ते धोरण आहे. धोरणात कोर्ट पडत नाही."

भाऊंनी शांतपणे वस्तरा मिटला. "मंग अर्धीच दाढी करायची, हे माह्यं धोरण होय."

वकीलसाहेब खूप भांडले. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "बरं, धोरण मनमानी असलं तर दाद मागता येते."

"हे आधी काऊन नाई सांगतलं?" म्हणत भाऊंनी दुसरा गाल पुन्हा भिजवला.

पुढचा नंबर माझा होता. मी निमूटपणे खुर्चीत बसलो आणि भाऊंच्या प्रत्येक मताला होकार दिला.