पुकाऱ्याचे मुके दिवस

सातवीनंतर शाळा सुटली आणि वैनगंगेकाठचं गाव सोडून मी नगरला कांद्याच्या मार्केटात हमालीला आलो. आवाज मोठा, म्हणून आडतीच्या शेठनं मला गोणीखालून काढलं आणि लिलाव पुकारायला उभं केलं. समोर शेतकऱ्याच्या कांद्याचा ढीग, भोवती व्यापारी, आणि मधे मी बोली चढवत ओरडणार. बारा वर्षं हेच केलं. कांद्याची माती, फोलपटं, सगळं घशात. गेल्या वर्षी आवाज बसला तो उठेचना. दोन ढीग पुकारले की तिसऱ्याला नुसती हवा यायची.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर बारकी गाठ होती. "छोटं ऑपरेशन आहे, गाठ वाईट दिसत नाही," ते म्हणाले. "पण नंतर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. बोललात तर आवाजाची खात्री मी देणार नाही."

सुरीला भ्यालो नाही तेवढा या शेवटच्या वाक्याला भ्यालो. लिहिणं-वाचणं जेमतेम, आणि पाठ आता गोण्या उचलायची राहिली नव्हती. आवाज गेला तर माझ्याकडे उरत काय होतं? घरी कळवलं नाही. आईच्या जिवाला उगाच घोर.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कोल्हारचे एक वयस्कर शेतकरी होते. नाकाचं हाड वाढलेलं, दोन्ही नाकपुड्यांत बोळे. सोबत त्यांच्या मंडळी, त्यांना मी मावशी म्हणायचो. त्या शेतकऱ्यांनी मला बघताच ओळखलं. "अगं, ह्यो तर मार्केटातला पुकाऱ्या! माझा ढीग लई घाईनं उरकला हुता ह्यानं."

"गप बसा," मावशी म्हणाल्या. "निम्मा कांदा सडका हुता तुमचा. ह्यो काय करनार?"

त्यांनी मला विचारलं, तुझ्याजवळ कोण? मी म्हटलं, कोणी नाही. "मंग आमी हाय की," म्हणून त्यांनी माझ्या चपला आपल्या चपलांशेजारी सरकवून ठेवल्या.

पुढचं मला आठवत नाही, मावशींनी सांगितलेलं आहे. ऑपरेशन करून मला खाटेवर आणलं. अर्धवट भुलीत मी उठून बसलो, हात वर केला आणि पुकारायला लागलो: "बाराशे! बाराशे दहा! बोला शेठ, बोला!" ताजी जखम, आणि मी फाटक्या आवाजात ओरडतोय. सिस्टर धावल्या. दोघांनी दाबून धरलं तरी माझी बोली चालूच. वॉर्डातली माणसं हसायला लागली. मावशी मात्र रडकुंडीला आल्या.

तेव्हा शेजारच्या खाटेवरून त्यांचे मालक बोळ्यांतून गेंगाण्या आवाजात ओरडले, "दिला रे बाबा, दिला! माझा माल दिला!"

आणि मी गप्प झालो. हात खाली घेतला, आडवा झालो. माल ज्याचा त्यानं 'दिला' म्हटलं की पुकारणाऱ्यानं थांबायचं असतं. शुद्ध नसली तरी तेवढं अंगात होतं.

डॉक्टर आले, गोष्ट ऐकली. हसले नाहीत. "बघू दहा दिवसांनी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी मोबाईल मावशींपुढे धरला.

"तुमी कोन जी? माहा पोरगा कुठी आहे? काहून नाही बोलत थो? दारू त नाही पेला?"

"आवो न्हाई बाई, शुद्धीत हाय चांगला. घशातली बारकी गाठ काढली. दहा दिस त्वांड उघडायचं न्हाई, असं डाक्टर म्हनले."

मग आई म्हणाली, "मंग तुमीच बोला जी त्याच्या वाटचं. जेवला का थो?"

"थंड पेज पाजली सकाळी."

माझे ओठ हलले. मावशींनी लगेच बोट दाखवून दम दिला. घसा हुंदक्यालाही हलवायचा नव्हता, म्हणून मी छताकडे बघत राहिलो.

बाकीचे दिवस खोलीवर काढले. झोपेत पुन्हा ओरडेन या भीतीनं तोंडावर पंचा बांधून झोपायचो.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी परत नळी घातली. "जखम भरली. बोला." आवाज आला. पातळ, पण माझाच.

"पुकारायला कधी जाऊ?"

"पुकारायचं नाही. बोलायला हा आवाज जन्मभर पुरेल. ओरडलात तर हाही जाईल."

"मी भुलीत ओरडलो, त्यानं झालं का?"

"नाही हो. ते बारा वर्षांचं आहे."

शेठला सांगायला गेलो. माझ्या जागी नवा माणूस पुकारत होता, आणि चांगला पुकारत होता. शेठ म्हणाले, "काट्यावर उभा राहा. वजन वाचता येतं ना?"

तेवढं येतं. आता मी काट्यावर असतो. मार्केटात लई गोंगाट, माझा आवाज लहान. शेतकरी जवळ येतात, वाकून कान देतात, आणि मी त्यांना त्यांच्या मालाचं वजन सांगतो.