सात नंबरचा ठिपका

कारखान्यात त्याला सगळे घड्याळमास्तर म्हणत. कोणत्या यंत्रावर कोणाच्या हातून किती वेळात काम होतं ते मोजायचं, आकडे संगणकात भरायचे आणि पडद्यावर अख्खा कारखाना खोटाखोटा चालवून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक काढायचं, हे त्याचं काम. पडद्यावर प्रत्येक कामगार म्हणजे एक हिरवा ठिपका.

सात नंबरच्या लेथवरचा ठिपका म्हणजे त्याचे भावोजी. चार मिनिटांत एक भाग, आणि रोज तीन दहाला अकरा मिनिटं यंत्र बंद. तेवढ्यात ते भिंतीवरच्या फोनवरून ताईशी बोलत.

"रोज एवढं काय बोलता हो?" मास्तरनं एकदा विचारलं होतं.

"ती बोलते. मी कान देतो."

मास्तरनं ती अकरा मिनिटंही इमानेइतबारे नोंदवली.

भावोजी जाऊन चार महिने झाले. लेथवर नवी मुलगी आली, ठिपका मात्र जुनाच राहिला. आकडे पुसायला मास्तरचा हात धजेना. तीन दहाला ठिपका थांबला की तो हातातलं काम सोडून पडद्याकडे बघत बसे, पुन्हा चालू लागला की वाटे, आहेत अजून. हे वेड आहे हे त्यालाही कळत होतं. ताईकडे तो फिरकला नव्हता. तिच्यासमोर बसून बोलायचं काय?

मग सुपरवायझरनं मुलीला काढायचं ठरवलं. "वेळापत्रक गाठतच नाही. कामचुकार आहे."

मुलगी मास्तरसमोर येऊन उभी राहिली. "मला पाच मिनिटं लागतात. पाणी प्यायलासुद्धा हलत नाही मी. ही चार मिनिटं कोणाची धरलीत?"

मास्तरची मान खाली गेली. गेलेल्या माणसाशी या पोरीची शर्यत लावली होती, आणि ती त्यानंच.

त्यानं तिची वेळ मोजली, सुपरवायझरपुढे चूक कबूल केली, बोलणी खाल्ली. मुलीची नोकरी वाचली. मग भावोजींचे आकडे पुसून, तिचे भरून त्यानं पडद्यावरचा कारखाना चालवला. तीन दहा झाले. ठिपका थांबलाच नाही. मास्तर तोंडावर रुमाल धरून रडला.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला त्यानं त्याच भिंतीवरच्या फोनवरून ताईच्या घरचा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"बोला," ताई म्हणाली.

"ताई, मी आहे गं."

ताई म्हणाली, "रोज या वेळेला फोनपाशी बसते रे मी. सवय जात नाही."

"बोल ताई," मास्तर म्हणाला. "अकरा मिनिटं आहेत."