उत्तरबाईंचे उत्तर

भूमापन कार्यालयाच्या आरेखन शाखेत एकतीस वर्षे नकाशे काढणाऱ्या बाईंचे खरे नाव आता केवळ हजेरीपटात उरले होते. बाकी सारे त्यांना उत्तरबाई म्हणत. टेबलावर आलेल्या तक्त्यावर दिशेचा बाण नसला की त्या तो परत पाठवीत आणि सोबत एकच वाक्य लिहीत : "उत्तर कुठे आहे?" एकदा नव्याने रुजू झालेल्या साहेबांच्याच तक्त्यावर हे वाक्य उमटले, तेव्हा ते बिचारे दोन पानी लेखी खुलासा घेऊन हजर झाले. "साहेब, उत्तर म्हणजे दिशा हो," असे बाई म्हणाल्या आणि कार्यालय दोन दिवस हसत होते. तेव्हापासून हे नाव चिकटले ते चिकटले.

नाव मिळाले, मान मात्र मिळाला नाही. ज्याला त्यांनी टाक कसा धरावा हे शिकवले, तोच कानामागून येऊन तिखट झाला आणि शाखाप्रमुख म्हणून त्यांच्याच रजेच्या अर्जांवर शेरे मारू लागला. नकाशांवर सही साहेबांची असे. रेषा ज्याच्या हातून उतरल्या त्याचे नाव कोपऱ्यातही लिहिण्याची पद्धत नव्हती. पुढे संगणक आले आणि आरेखनाची तिरपी टेबले भिंतीला लागली. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त रद्दीत निघालेले जाड कागद मागितले, तेही तीन प्रतींत अर्ज करून. मंजुरीला आठ महिने लागले.

त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एक डोंगर काढला. हा डोंगर कुठेच नव्हता. पण त्याच्या उंचीच्या रेषा पाहून एखाद्या जाणकाराने बूट चढवले असते. ओढा, तीन फाटे, गांधीलमाश्यांचे झाड, मोडका साकव, सारे प्रमाणात. निमित्त घडले ते भाचीच्या मुलीचे. अंगाने इतकी बारीक की तिला घरीदारी मुंगीच म्हणत.

"डोंगरात वाट चुकलीस तर काय करशील गं?" बाईंनी एकदा सहज विचारले होते.

"फोन करीन."

"बंद पडला तर?"

"चार्ज करीन की, मावशीआजी!"

त्या उत्तराने बाईंची झोप उडाली आणि त्यातूनच खेळ जन्माला आला. गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एका लांब टेबलाभोवती बारा मुले बसत. बाई गोष्ट सांगत आणि गोष्टीत पुढे काय करायचे ते मुलांनी ठरवायचे. कुणी वाटाड्या, कुणी पाणी राखणारी, कुणी औषधपेटीवाला. मुंगी नेहमी सर्वांत मागची पहारेकरी. जिथे नशिबाचा भाग येई तिथे फासा पडे. आणि बाईंनी "उत्तर?" म्हटले की सगळ्यांनी क्षणात हात करून दिशा दाखवायची, चुकेल त्याची खेळी गेली.

"धुकं उतरलंय. पुढचा माणूस दिसत नाही. काय करता?" बाई विचारत.

"मी पळतो!" वाटाड्या ओरडे.

"टाक फासा. दोन? पाय मुरगळला."

"अहो, मी नुसतं म्हटलं होतं!"

"डोंगराला नुसतं म्हटलेलं कळत नाही. बोललं की केलं. मुंगे, तू?"

"मी थांबते. झाडाला पाठ लावून बसते. शिट्टी तीनदा." आणि मुंगी फाशाकडे हात नेई.

"फासा ठेव खाली. थांबणाऱ्याला फासा टाकावा लागत नाही."

हे वाक्य मुलांना पाढ्यासारखे पाठ झाले होते. जागा सोडावीच लागली तर दगडांचा बाण मांडायचा, कडा दिसला की दहा पावले मागे यायचे, हेही तसेच.

पण पिकते तिथे विकत नाही. वाचनालयाच्या कार्यवाहांच्या दृष्टीस फासे पडले. हे गृहस्थ निवृत्तीपूर्वी कुठल्याशा कचेरीत परिपत्रके काढीत असत, आणि निवृत्तीनंतरही त्यांचा हात थांबला नव्हता.

"फासे म्हणजे फासेच, बाई," ते दारात उभे राहून म्हणाले. "आज मुलं खडे लावतील, उद्या काय लावतील?"

"आज तरी डोकं लावतात, साहेब. तेवढं लावू द्या."

हा टोला त्यांना लागला. दुसऱ्याच दिवशी सूचनापत्र आले : सदर खेळ कायमचा बंद का करण्यात येऊ नये, याबाबत आपले उत्तर सात दिवसांत सादर करावे, उत्तर समाधानकारक नसल्यास खोली अन्य उपक्रमास देण्यात येईल.

बाईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. त्यांनी डोळ्यावरचे भिंग न काढताच पत्र वाचले. "तुझ्याकडेच उत्तर मागतात? पत्ता बरोबर आहे म्हणायचा."

"थट्टा नको. ही खोली गेली तर माझं काय राहिलं सांगा. कचेरीत भिंतीला लागलेच आहे."

"मग लिही ना चांगलं खणखणीत."

बाई लिहायला बसल्या. पाच दिवसांत सात मसुदे फाडले. मूल थांबायला शिकले, हे कोणत्या मुद्द्याखाली लिहायचे? परिपत्रकाच्या भाषेत त्यासाठी शब्दच नव्हता.

सहाव्या दिवशी वाचनालयाची वार्षिक सहल होती, याच बारा मुलांची, तलावामागच्या पठारावर. नेतृत्व अर्थातच कार्यवाहांचे. बसमधून उतरताच त्यांनी मुलांच्या गळ्यांतल्या शिट्ट्या काढून आपल्या पिशवीत टाकल्या.

"साहेब, शिट्टी असू द्या गळ्यात," बाई म्हणाल्या.

"सूचना क्रमांक चार वाचा. वनात शांतता राखावी. आणि तुम्ही खाली सामानापाशी थांबा. तुमचं प्रकरण अजून विचाराधीन आहे."

उंटावरच्या शहाण्याला वाट सांगू नये, हे बाई कचेरीत शिकल्या होत्या. त्या थांबल्या. साडेतीनच्या सुमारास खेळातला वाटाड्या धापा टाकत खाली आला. मुंगी सापडत नव्हती. फाट्यापाशी बुटाची नाडी बांधायला ती खाली बसली, रांग उजवीकडे वळली आणि ती डावीकडे गेली असावी. कार्यवाहांनी पुढच्या टप्प्यावर मोजणी केली होती, आणि बारा भरले होते. बारावे ते स्वतः होते.

गुडघ्यांची पर्वा न करता बाई फाट्यापर्यंत चढल्या. तिथे कार्यवाह हाताचा कर्णा करून ओरडत होते, "मुंगेऽ! उत्तर देऽ! अगं उत्तर देऽ!" वारा सुटला होता. आणि दर आरोळीला एक विचित्र गोष्ट घडत होती. त्यांच्या मागे उभी असलेली मुले रडवेल्या चेहऱ्याने, सवयीने, आपोआप एकाच दिशेला हात करीत होती.

"हे काय चाळे चाललेत?" कार्यवाह कडाडले. "इथे माझा जीव जातोय!"

बाई त्या हातांकडे पाहत राहिल्या.

"कधीपासून ओरडताय हे?"

"अर्धा तास होईल. पोरगी उत्तरच देत नाही!"

"कशी देईल? ती उत्तरेला निघालीय. वाऱ्यावर तुमचं 'दे' उडून जातंय, साहेब. तिच्या कानावर नुसतं 'उत्तर' पडतंय. तिला वाटतंय मीच सांगतेय."

कार्यवाहांनी तोंड उघडले.

"आता एक अक्षर बोलू नका," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत कोणत्याही साहेबाशी त्या असे बोलल्या नव्हत्या. "शिट्ट्या काढा."

शिट्ट्या पुन्हा गळ्यांत गेल्या. मुलांना सोबतच्या दोन पालकांपाशी फाट्यावरच बसवले आणि बाई डाव्या वाटेला लागल्या, मागे मुकाट कार्यवाह. शंभर पावलांवर एक झाड होते. फांदीला मुंगीचा लाल रुमाल बांधलेला, बुंध्याशी बसल्याची खूण, आणि पुढ्यात खड्यांचा बाण. बाईंनी आपली सावली उजव्या हाताला घेतली. बाण नेमका नाकासमोर, उत्तरेकडे होता. दुपार कलल्यावर सावलीवरून दिशा कशी पाहायची, हे त्यांनी मुलांना टेबलावरच्या दिव्याने शिकवले होते.

"इकडे काय आहे?" कार्यवाहांनी दबल्या आवाजात विचारले.

"जुनी दगडखाण. या पठाराचा तक्ता मीच काढला होता."

मुलीने बोट धरावे तसे मुंगीने बाईंच्या शब्दाचे बोट धरले होते, आणि तो शब्द तिला खाणीकडे नेत होता. चूक कुणाची हे नंतर पाहता येईल. त्यातला अर्धा वाटा आपला, हे त्यांनी चालता चालताच मान्य करून टाकले. दुसरा बाण लागला. मग तिसरा. बाईंनी शिट्टी फुंकली, तीनदा.

पलीकडून टाळ्या आल्या. तीन.

खाणीच्या कडेच्या अलीकडे, एका दगडाला पाठ टेकून मुंगी बसली होती. बाईंनी तिला कवटाळले ते ती गुदमरेपर्यंत.

"सोड ना, मावशीआजी! तू उत्तर म्हणालीस, म्हणून मी आले. पण पुढे कडा होता, मग दहा पावलं मागे येऊन थांबले. फासा टाकायचा होता का?"

"नाही गं बाई. थांबणाऱ्याला फासा नाही."

कडेपासून मुंगीपर्यंतचे अंतर कार्यवाह नजरेने पुन्हा पुन्हा मोजत होते. "तू घाबरून पळाली कशी नाहीस?"

"पळालं की पाय मुरगळतो," मुंगी म्हणाली. "वाटाड्यादादाचा मुरगळला होता."

"कुठे?"

"धुक्यात. टेबलावर."

सातव्या दिवशी बाईंनी वाचनालयाच्या समितीपुढे एकच कागद ठेवला. पठाराचा नकाशा होता तो. फाटा, झाड, तीन बाण, खाण. कडेपासून मागची दहा पावले तुटक रेषेने दाखवलेली. खाली खेळातला नवा नियम लिहिला होता : शोधणाऱ्याने "ओ दे" अशीच हाक मारावी, ऐकणाऱ्याने ओ द्यावी, जागा सोडू नये. स्वतःची चूक झाकायची नाही, हे त्या नकाशे काढतानाच शिकल्या होत्या. खोडलेली रेषा पुढच्याला खड्ड्यात घालते.

कार्यवाहांनी कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

"आणि तुमचं उत्तर?" सवयीने त्यांच्या तोंडून गेले. मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक, देखणा बाण होता आणि त्याच्या टोकाशी तो एकच शब्द. त्यांनी आवकवही पुढे ओढून ओळ लिहिली : उत्तर मिळाले. समाधानकारक. खोली पूर्ववत.

"इथे खाली कुणाची सही घ्यायची?" कागदाचा दुसरा कोपरा दाखवत त्यांनी विचारले. "तुमच्या साहेबांची?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून आपला टाक आणि शाईची दौत काढली, टाक बुडवला, आणि एकतीस वर्षांत प्रथमच नकाशाच्या कोपऱ्यात आपले संपूर्ण नाव लिहिले.