मामाचा घोटा

परभणीत एका वैद्यांकडे बायकांची मालिश करायला लागून मला नऊ वर्षं झाली. धरलेल्या कमरा, आखडलेले खांदे, सगळं या हातांखालून गेलंय. आणि सख्ख्या मामाचा घोटा बारा दिवस डोळ्यासमोर असून मला त्याला हात लावता येत नव्हता!

मामा चारठाण्याकडचा. बैलगाडीवरून पडला, हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण घोटा वळेना. वैद्य म्हणाले, रोज तिळाच्या कोमट तेलानं मांडीपासून बोटांपर्यंत मालिश करा, वरून शेक द्या. सांधा मोकळा होईल, पण आत्ताच. उशीर केला तर काठी कायमची. म्हणून मी मामा-मामीला माझ्या घरी आणलं.

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बसले. गुडघ्यापर्यंत ठीक. पुढं हात सरकला तसा मामानं पाय ओढून घेतला. आमच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला तर मामाला पाप. मला काय हे ठाऊक नव्हतं? पण मी नमस्कार करत नव्हते, उपचार करत होते! वैद्यांनी फोनवर समजावलं. माझ्या आईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी घोट्याला मामी तेल लावील असं ठरलं. मामीचा हात म्हणजे पोळीला तूप लावल्यासारखा. हाडावर लांब हात फिरव, सांध्यावर गोल, शंभरदा सांगितलं. पण दोन मिनिटांत ती दमायची. मी चोळलेली मांडी सैल झाली, गुडघा सुटा झाला, मामाला झोपसुद्धा शांत लागायला लागली. घोटा मात्र होता तसाच. लय राग यायचा. पापाच्या भीतीनं माणूस स्वतःहून लंगडा व्हायला निघालाय, आणि आपण गुडघ्याशी थांबायचं!

तेराव्या दिवशी मामा न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडला. त्याला उठवता उठवता माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमी मला भाची समजूच नका. दवाखान्यातली बाई समजा, अन् पाय द्या."

मामा भिंतीला टेकून बसला. मग त्यानं पाय पुढं केला. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. घेऊ दे म्हटलं, पाय तर मिळाला.

पंधरा दिवसांत घोटा वळायला लागला. एका सकाळी तो काठी न घेता अंगणापर्यंत जाऊन आला. मी हरखून विचारलं, अजून कुठं दुखतंय का?

"पाय न्हाई दुखत," मामा म्हणाला. "रोज डोळे मिटून, ही माझ्या बहिणीची लेक न्हाई, ही माझी कुणीच न्हाई, असं म्हनत बसायलोय. त्ये दुखायलंय."