दोन वाड्या एका कंसात

ठरवून, डोकं लावून, वर शाबासकीची वाट बघत केलेला गाढवपणा ऐकायचाय? मग तो कप जरा खाली ठेवा. गाढवपणा माझाच आहे, तेव्हा संकोच न करता हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका दूध संघात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मी आले. दोघंही नवेकोरे, दोघांनाही लोक लांबूनच बघायचे! मी सांगलीत पेठेत वाढलेली. दूध पिशवीतून येतं, एवढंच माझं दुधाविषयीचं ज्ञान.

नोकरी सहा महिन्यांची, तात्पुरती. संघाचे चेअरमन म्हणाले होते, "वार्षिक सभेत तक्ता झकास दाखवा मॅडम, कायमची ऑर्डर देतो." आणि तिकडं सांगलीत आमच्या बाबांनी मी कायम झाल्याचे पेढेसुद्धा वाटून टाकले होते. आता बोला!

तक्ता म्हणजे काय, तर कुठल्या गावाच्या संस्थेनं किती दूध घातलं, ते उभ्या दांड्यांत दाखवायचं. गाव तिथं दांडा, दांड्याखाली गावाचं नाव. पण गावं चाळीस! नावं मावेनात. सॉफ्टवेअरनं आधी ती उभी केली, तरी मावेनात म्हटल्यावर एकाआड एक गाळूनच टाकली. भर सभेत ज्याचं गाव गाळलं जाईल, तो मला सोडेल?

मग कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तकात एक युक्ती सापडली. शेजारची दोन-तीन गावं एका कंसात घ्यायची आणि खाली एकच मोठं नाव द्यायचं. दांडे वेगळेच राहतात, नाव तेवढं एक. मी भराभर गावं बांधत सुटले. उंब्रजच्या बाजूला थोरली वाडी आणि धाकटी वाडी दिसल्या. नकाशात दोघींच्या मध्ये फक्त एक ओढा. घातल्या एका कंसात! नाव कुणाचं द्यायचं? थोरलीचं. मोठ्यांचा मान नको राखायला?

आमच्या ऑफिसातले जुने क्लार्क शिंदेकाका मागून बघत होते.

"मॅडम, बाकी कायबी बांधा, ह्या दोन वाड्या तेवढ्या सोडा."

"का हो?"

"लय जुनं हाय ते."

"काका, कॉम्प्युटरला जुनं-नवं काही कळत नाही!" मी ऐटीत म्हणाले. त्याला कळत नव्हतं हे खरंच. पण मला तरी कुठं कळत होतं?

सभेचा दिवस उजाडला. मंगल कार्यालय गच्च. भिंतीवर पांढरी चादर, कॉलेजातून मागून आणलेला प्रोजेक्टर. तक्ता चादरीवर पडला आणि लोक म्हणाले, "आरारा, काय झ्याक!" मी पदर सावरला. तेवढ्यात धाकट्या वाडीच्या संस्थेचे आबा उठले.

"बाई, आमची वाडी कुठं हाय?"

"ही काय आबा, थोरल्या वाडीच्या कंसात."

"कुनाच्या?"

झालं! मला काय ठाऊक, की पूर्वी ह्यांचं दूध थोरलीच्या संस्थेतच जायचं, तिथं ह्यांच्या दुधाला कायम फॅट कमी लागायची, म्हणजे भावही कमी, आणि म्हणून भांडून स्वतःची संस्था काढायला ह्यांची सात वर्षं गेली होती?

"सात वर्सं सायबांचं उंबरं झिजवलं आमी! अन् तुमी एका बटनात परत थोरलीत घातलं व्हय?"

मला वाटलं, निदान थोरली वाडी तरी माझ्या बाजूनं असेल. तर तिकडून त्यांचे तात्या उठले. "आन् आमच्या नावाखाली त्येंचा दांडा? त्योबी आमच्यापेक्षा उंच?"

उंच तर होताच, चांगला वीतभर. इतकी वर्षं ते रजिस्टरात गुपचूप पडून होतं. मी ते शेजारी शेजारी उभं करून सगळ्या जिल्ह्याला दाखवलं!

इथं शहाण्या माणसानं प्रोजेक्टर बंद केला असता. मी माईक घेतला. "अहो, एवढं काय त्यात? मध्ये एक ओढाच तर आहे, उडी मारली की पलीकडं!"

"ओढा आमचा हाय!" आबा गरजले.

"कवापास्नं रं?" तात्या बाह्या सरसावून पुढं.

पुढचा अर्धा तास सभा ओढ्यातच होती. शेवटी चेअरमननी जेवणाची घोषणा केली, तेव्हा कुठं लोक बाहेर निघाले.

चार दिवसांनी चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. पेढे खाल्लेले सगळे चेहरे डोळ्यांसमोर येऊन गेले. टेबलावर एक अर्ज होता. त्यावर दोन्ही वाड्यांच्या संस्थांचे शिक्के, खाली आबा आणि तात्या दोघांच्या सह्या. मागणी एकच, ह्या बाईंना कॉम्प्युटरवरून हलवा.

"मॅडम," चेअरमन म्हणाले, "ह्या दोघांनी एका कागदावर सही करावी म्हणून मी बारा वर्षं हात जोडतोय. तुमी एका सभेत करून दाखवलंत!"

मी लाजून 'थँक्यू सर' म्हणाले. खरंच म्हणाले हो!

"आता एवढी एकी झालीय, ती मोडायचं पाप मी कशाला घेऊ? अर्ज मंजूर."

पण माणूस शब्दाचा पक्का. कायमची ऑर्डर दिली, वडूजच्या शीतकरण केंद्रावर. तिथं कॉम्प्युटर नव्हता. तो खरंच नाही ना, याची खात्री करायला आबा आणि तात्या मी हजर व्हायच्या आदल्याच दिवशी स्वतः वडूजला जाऊन आले होते, दोघं एकाच मोटारसायकलवरून.