कोरडी पिशवी

बायकोच्या स्वादुपिंडाला गाठ झाली आणि त्या गाठीने पित्ताची नळी दाबली. डोळे हळदीसारखे झाले ते त्यामुळे. डॉक्टर म्हणाले, आधी कावीळ उतरू दे, मग गाठ काढू आणि पित्ताची नळी आतड्याला जोडू. तोवर फासळ्यांतून एक बारीक नळी आत घातली, बाहेर तिला पिशवी. पित्त त्या पिशवीत पडायचं. शाळा मी दुसरीत सोडली, पण एवढं कळलं असं मला वाटलं.

डिंडोलीला घरी आणलं तर मेहुणी काविळीची माळ घेऊन हजर. झाडाच्या मुळ्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरते तशी ती लांबत गळ्यात, मग पोटावर येते म्हणे.

"डॉक्टर आहे ना, मग हे कशाला?" मी म्हणालो.

"दाजी, तुमच्या डोक्यावर थोडीच ठेवतेय? तिथे ताठ्यापुढे जागाच नाही."

बायको हसली. मेहुणीने माळ तिच्या डोक्यावर ठेवली.

माळ छातीपर्यंत आली आणि त्याच सकाळी पिशवी कोरडी. मेहुणी ओरडली, "दाजी, देखा! काविळ उतरी गई!" गल्लीत गूळ वाटला. मीही खडा तोंडात टाकला.

दुपारी बायकोला थंडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. रिक्षात तिला धरून बसलो. अंग तव्यासारखं, पिशवी कोरडीच.

"काका, नली जाम है," दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला. पित्त संपलं नव्हतं, आत तुंबलं होतं. नळी बदलली. नर्सने माळ कात्रीने कापली. बायको तापात म्हणाली, "अहो, टाकू नका ती." मी खिशात ठेवली.

ऑपरेशन पुढे गेलं. किती? "ताप जाऊ दे, मग बघू." कापडाच्या लूमवर धाग्याची तार तुटली की मी मशीन थांबवायचो, गाठ मारायचो, पुन्हा चालू. इथे हात घालायला जागाच नाही. विचारलं, "जोडाल तो सांधा धरेल ना?"

"बहुतेक धरतो, काका."

बहुतेक!

पिशवी खाटेच्या दांडीला खाली लटकते. मी स्टुलावर बसून असतो. ती डोळे मिटूनच विचारते, "पडतंय का?"

मी वाकून बघत राहतो. थेंब पडला की मगच म्हणतो, "पडतंय."